विहिरी कुणी बुजवल्या?

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. जन्मलो तेव्हा काळाकुळकुळीत होतो. आता कुणी मला राखाडी म्हटले तरी मी वाद घालत नाही. माझ्या अंगावर मधोमध एक आडवी भेग आहे. तिथे आला की खडू ठेचकाळतो आणि लिहिणारा "च्च" करतो. एवढे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे.

मला एका सुताराने आणि त्याच्या मुलाने घडवले. मुलगा उत्साही होता. तो मला घासून घासून इतका गुळगुळीत करू लागला की बाप ओरडला, "अरे, आरसा करायचाय का फळा? जरा खरखरीत राहू दे. गुळगुळीत अंगावर खडू टिकत नाही." मग त्यांनी माझ्यावर काळ्या रंगाचे हात दिले आणि मला उन्हात उभे केले. माझी समजूत अशी होती, की आपण एखाद्या लहान मुलांच्या शाळेत जाणार. कुणीतरी माझ्यावर पोपट काढील, कुणी बेरजा चुकवील. पण मला हातगाडीवर घालून नेले ते थेट एका विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत. दारावर पाटी होती : प्रदेश-अभ्यास विभाग.

तिथे काय शिकवतात ते मला बऱ्याच दिवसांनी समजले. एखादा दूरचा प्रदेश घ्यायचा आणि त्याची भाषा, त्याचा इतिहास, तिथले पाणी, जमीन, माणसे, भांडणे, सगळे मिळून शिकायचे. आणि शिकून झाले की लिहायचे. मुलांचे घोडे अडे ते तिथेच. बोलायला लागली की ही मुले तासन् तास बोलत. लिहायला बसवले की त्यांच्या अंगात जणू एखादा जुना सरकारी कारकून शिरे.

त्यांना लिहायला शिकवणाऱ्या बाई किरकोळ अंगाच्या होत्या. आवाजही बारीक. पण मुले त्यांना मागे कात्रीबाई म्हणत. दर आठवड्याला त्या कुणाच्या तरी निबंधातले एक वाक्य उचलत आणि माझ्यावर लिहीत. नाव सांगत नसत. सांगायची गरजही नसे. ज्याचे वाक्य असे त्याचे कान लाल होत, आणि सगळा वर्ग ओळखून जाई. बाई खोलीत येण्याआधी मुले एकमेकांना विचारत, "आज कुणाचा बळी?"

एकदा त्यांनी लिहिले : "हा प्रदेश अनादी काळापासून निसर्गसौंदर्याने नटलेला आहे."

"अनादी काळी तिथे कोण होतं बघायला?" बाईंनी विचारले. "तू होतास?"

मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा म्हणाला, "नाही बाई."

"मग खोड."

दुसऱ्या एका आठवड्याला नुसते तीन शब्द लिहिले : "असे म्हटले जाते." आणि त्याखाली खडूची रेघ इतकी जोरात ओढली की मला झोंबली. "कोण म्हणतं? त्या माणसाला नाव नाही? पत्ता नाही? तो मेलाय का? मेला असेल तर तसं लिहा. पण कुणीतरी म्हटल्याशिवाय काही म्हटलं जात नाही."

त्या दिवसांत माझी फार वट होती, मित्रांनो. पुढे मोठी झालेली मुले भेटायला आली की आधी बाईंना नमस्कार करत आणि मग माझ्याकडे बघून हसत. "याच्यावर माझी अब्रू गेली होती," असे अभिमानाने सांगत.

अशात एका वर्षी एक मुलगी आली. विभागात ज्या पठाराचा अभ्यास चाले, त्या पठारावरच तिचा जन्म झाला होता. ती तान्ही असताना तिच्या वस्तीतली सगळी माणसे पठार सोडून खाली उतरली आणि फिरत फिरत या शहराच्या कडेला येऊन राहिली. मुले तिला पठारवाली म्हणू लागली. तिची आई लवकर गेली होती. मामाने तिला वाढवले होते. मामा शिंपी होता. दिवसभर मशीन चालवून त्याने हिला इथपर्यंत शिकवले होते.

तिचा वर्षअखेरीचा शोधनिबंध एकदा नापास झाला होता. दुसऱ्यांदा झाला की विभागातून नाव कमी होणार, हा तिथला नियम होता. ती पहिल्या बाकाच्या टोकाला बसे आणि बाई खडू उचलत तेव्हा श्वास रोखून धरी. मला समोरून सगळे दिसे.

आणि एक दिवस बाईंनी तिचे वाक्य लिहिले : "पठारावरील लोकांना हाकलून देण्यात आले."

कुणी हसले नाही. सगळ्यांना माहीत होते हे कुणाचे वाक्य आहे आणि कुणाबद्दलचे आहे.

बाईंनी "देण्यात आले" या शब्दांभोवती गोल काढला. "कर्ता कुठंय?"

मुलगी वहीची पाने चाळू लागली.

"कुणी हाकललं?"

"सगळ्यांना माहितीये बाई," ती म्हणाली. "आमच्या वस्तीत शेंबड्या पोराला विचारा."

"मी शेंबड्या पोराला विचारत नाही, तुला विचारतेय. कुणी?"

"सैनिकांनी."

"सैनिक आले तेव्हा लोक तिथे होते?"

मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली, आणि तशीच उभी राहिली. तिने हा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर मी वाचले.

बाईंचा आवाज जरा उतरला. "आपल्या विभागप्रमुखांच्या पुस्तकात काय आहे, ठाऊक आहे ना? पाणी आटलं म्हणून लोक आपणहून उतरले. तू म्हणतेस, हाकललं. तू त्यांना खोटं ठरवायला निघालीयस. जरूर ठरव. पण तुझ्या वाक्याला कर्ता नसेल, तर ते तुझ्या वाक्यावर पाय देऊन पुढे जातील. जा, कर्ता शोधून आण."

ती जागेवर बसली नाही. दप्तर उचलून बाहेर गेली. माझ्या अंगावर तिचे वाक्य तसेच राहिले.

पुढे ती बरेच दिवस तासाला आलीच नाही. मुले कुजबुजत होती की तिने शिक्षण सोडले. शोधनिबंध वाचून दाखवण्याचा दिवस जवळ येत चालला होता. बाई रोज तिच्या रिकाम्या जागेकडे बघत आणि काही न बोलता शिकवू लागत. त्यांच्या हातून खडू मोडू लागले. मी त्यांना इतकी वर्षे ओळखतो. त्या घाबरल्या होत्या.

मग एका दुपारी, वर्ग सुटल्यावर, ती आली. बाई एकट्याच होत्या.

"सापडला," ती म्हणाली.

"बस आधी."

"नको." तिने खडू उचलला आणि माझ्यावर लिहिले. तिची अक्षरे मला अंगावर मुंग्या चालाव्यात तशी वाटली. वाक्य असे होते : "पठारावरच्या विहिरी माझ्या आजोबांनी बुजवल्या."

बाईंनी ते वाचले. नंतर पुन्हा वाचले.

मुलगी भराभर बोलू लागली. वस्तीत एक म्हातारी सुईण आहे. तिच्याकडे बसून बसून, तिची धुणी धुऊन, तिला बोलते केले. सैनिक वर आले तेव्हा वस्ती रिकामी होती. विहिरी आधीच बुजलेल्या होत्या. पाणी नाही म्हटल्यावर माणसे थांबणार कशी? आणि विहिरींत दगडमाती लोटणारा माणूस होता वस्तीचा मुखिया. म्हणजे आईचे वडील. सुईण म्हणाली, की तो त्याआधी खाली जाऊन पठार रिकामे करू पाहणाऱ्या अधिकाऱ्याला भेटून आला होता, आणि खाली उतरल्यावर रस्त्यालगतचे पहिले घर त्यालाच मिळाले.

"मी लहानपणापासून ऐकत आले की आजोबा शेवटी पठारावरून उतरले. सगळ्यांना पुढे घालून. त्यांच्या तसबिरीला आम्ही रोज हात जोडतो, बाई."

"मामांना विचारलंस?"

"विचारलं. ते मशीनवरून उठून बाहेर गेले. तेव्हापासून बोलत नाहीयेत."

बाई खिडकीशी गेल्या. "हे लिहिलंच पाहिजे असं नाही. विषय बदलता येईल. मी प्रमुखांशी बोलते."

"तुम्हीच म्हणालात, कर्ता शोध."

"म्हणाले होते. तो तुझ्या घरात सापडेल, हे मला कुठे माहीत होतं?"

मुलगी फिकट हसली. "आता सापडलाय तर बेपत्ता कसा दाखवू?"

शोधनिबंध वाचण्याच्या दिवशी सकाळी खोली उघडली ती झाडलोट करणाऱ्याने, आणि त्याच्या मागोमाग एक मध्यम वयाचा माणूस आत आला. गळ्यात कापड मोजायची फीत तशीच राहिलेली. तो बाकांमधून चालत आला आणि माझ्यासमोर थांबला. मुलीचे वाक्य अजून माझ्यावर होते. बाईंनी ते कुणालाही पुसू दिले नव्हते. त्याचे ओठ हलले. तो ते शब्द जुळवून वाचत होता.

मग त्याने उजवा तळवा माझ्यावर टेकवला आणि ते वाक्य पुसून टाकले. डस्टरने नव्हे, हाताने. त्याचा हात गरम होता. भेगेत अडकलेला खडू निघेना, तेव्हा त्याने नखाने खरवडले. मी लाकडाचा आहे, मला ओरडता येत नाही.

"मामा."

मुलगी दारात उभी होती. कागद छातीशी धरलेले.

"घरी चल," मामा म्हणाला.

"माझा निबंध आहे आत्ता."

"आपलेच दात, आपलेच ओठ. शिकायला पाठवली ती यासाठी? बापाला लोकांसमोर उघडं करायला?"

"मी तुला आधी विचारलं होतं, मामा. तू काही सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं!"

तेवढ्यात मुले येऊ लागली. बाई आल्या. विभागप्रमुख आले, मोठे, जाडजूड, हळू चालणारे गृहस्थ, पहिल्या बाकावर बसले आणि चष्मा पुसू लागले. मामाला बाहेर जायला वाट उरली नाही. तो शेवटच्या बाकाशी भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मुलीने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझ्यावर त्याच्या तळव्याचा पांढरा फराटा होता.

तिने खडू घेतला आणि त्या फराट्यावरच ते वाक्य पुन्हा लिहिले.

तिने वाचायला सुरुवात केली. सुईणीने काय सांगितले, कधी सांगितले, तेव्हा तिचे वय काय होते, ती स्वतः काय बघू शकली आणि काय तिने दुसऱ्याकडून ऐकले. एकही "असे म्हटले जाते" नव्हते. प्रमुखांनी हात वर केला.

"माझ्या पुस्तकात पाणी आटलं असं आहे."

"हो सर. तुम्हाला ते तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, असं तुम्ही तळटिपेत दिलंय. म्हणून तर मला कळलं की ते कुणाचं म्हणणं आहे."

प्रमुखांच्या कपाळावर आठी पडली. ती रागाची होती की विचाराची, ते मला सांगता येणार नाही. "आणि तुमच्या आजोबांबद्दल एका बाईची साक्ष. दुसरी साक्ष आहे?"

"नाही."

"मग हे पास कसं करायचं?"

मुलीच्या हातातले कागद खाली आले. बाईंनी डोळे मिटले. बस्स, संपले, असे मला वाटले.

"आहे," मागून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. मामा भिंतीपासून सुटला होता. तो मुलीकडेच बघत होता, जणू खोलीत दुसरे कुणी नव्हते.

"बुजवल्या त्यांनी. मी होतो तिथं. पण का बुजवल्या ते कोण लिहिणार? शेजारच्या वस्तीतली माणसं उतरली नाहीत, तर सैनिकांनी घरं पेटवली. वडील बघून आले. येऊन सगळ्यांना सांगितलं, चला. म्हातारी माणसं म्हणाली, विहिरीत पाणी आहे तोवर हलायचं नाही. मग त्यांनी विहिरीच ठेवल्या नाहीत. लोकांनी शिव्या दिल्या, थुंकले तोंडावर. पण एकूणएक माणूस जिवंत खाली आला. हे लिही!"

त्याचा श्वास फुलला होता. कुणीतरी त्याला बाक पुढे केला. तो बसला नाही.

मुलगी लिहून घेत होती. डोळ्यांतून पाणी गळत होते आणि ती लिहीत होती. मग तिने पेन थांबवले. मी इतकी वर्षे भिंतीवर टांगलेला आहे, पण पुढच्या प्रश्नाने माझ्या खिळ्यांना घाम फुटला.

"मामा, शेजारची वस्ती पेटलेली तू पाहिलीस?"

"वडिलांनी पाहिली."

"म्हणजे, वडील सांगत होते असं लिहू?"

मामाचा चेहरा लाल झाला. "मी खोटं बोलतोय?"

"नाही. पण तू ऐकलेलं आणि तू पाहिलेलं वेगवेगळं लिहायला हवं." ती थांबली. "आणि खाली रस्त्यालगतचं पहिलं घर आपल्याला मिळालं होतं का?"

बाई हात पुढे करून तिला थांबवतात की काय असे वाटले, पण त्यांनी हात परत घेतला. मामाने गळ्यातली फीत काढली आणि बोटाभोवती गुंडाळली.

"मिळालं," तो म्हणाला. "ते कशाबद्दल मिळालं, मला ठाऊक नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही."

मुलगी माझ्याकडे वळली. आधीच्या वाक्याखाली तिने लिहिले : "शेजारची वस्ती जाळली गेल्याचे आजोबा सांगत, असे मामा सांगतात. खाली उतरल्यावर पहिले घर आजोबांना मिळाले. ते कशाबद्दल मिळाले, याबद्दल सुईणीचे एक म्हणणे आहे; मामांना ते ठाऊक नाही, मलाही नाही."

ती मागे वळली नाही. म्हणाली, "सर, एवढंच आहे माझ्याकडे."

प्रमुखांनी चष्मा काढला, घातला. "'जाळली गेल्याचे'," ते म्हणाले. "पुन्हा कर्ता गेला."

मुलीने ते पुसून "सैनिकांनी जाळल्याचे" केले. वर्गात कुणीतरी दबकत हसले. मग बाईही हसल्या, आणि त्यांनी रुमालात तोंड लपवले.

"निबंध पास आहे," प्रमुख उठत म्हणाले. "दुरुस्त्या भरपूर आहेत. उद्या या माझ्याकडे. आणि त्या सुईणबाईंची भेट घालून द्याल का? मला माझंही पान दुरुस्त करायला लागेल असं दिसतंय." मामाजवळून जाताना ते थबकले. नुसती मान लववून गेले.

मामा मात्र तिला घरी न नेता एकटाच निघून गेला. ती दुसऱ्या दिवसापासून मुलींच्या वसतिगृहात राहू लागली. दुरुस्त्या करायला ती याच खोलीत बसे. एकेक वाक्य आधी माझ्यावर लिहून बघे, खोडे, पुन्हा लिही. मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की ती निबंध पास झाल्याने आनंदात होती. नव्हती. एकदा बाईंना म्हणाली, "मी बरोबर लिहिलं, पण माझं घर गेलं." बाईंनी तिच्यासाठी चहा मागवला आणि तो दोघींनी मिळून प्यायला.

हिवाळा सरला. विभागाच्या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला. एका दुपारी ती इथे एकटी अंक चाळत बसली होती, तेव्हा दार वाजले. मामा होता. हातात कागदात गुंडाळलेला नवा शिवलेला कोट. "थंडी संपल्यावर आणलास?" ती म्हणाली.

"काम होतं फार," मामा म्हणाला. तो बाकावर टेकला. "वाच."

"तूच वाच की."

"नको. मी वाचायला लागलो की मध्येच राग येतो. तू वाच."

तिने वाचले. पहिल्या ओळीपासून. मामा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. विहिरींच्या वाक्यापाशी त्याने हात वर केला. "'बुजवल्या' नको. 'झाकल्या' लिही. झाकलेलं पुन्हा उघडता येतं."

"मामा, त्या दगडमातीने भरल्या होत्या ना?"

"भरल्या होत्या."

"मग 'बुजवल्या'च लिहायला हवं." त्याचा चेहरा पडला तशी ती घाईने म्हणाली, "पण मी तळटीप देईन. पुस्तक होईल तेव्हा. 'येथे झाकल्या असा शब्द हवा, असे माझ्या मामांचे मत आहे.'"

"तळटीप म्हणजे?"

"पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात."

"म्हणजे मी बारीक अक्षरात?"

"हो. पण नावानिशी."

मामा कोटाची बाही तिच्या हाताला लावून बघत म्हणाला, "चालेल. पुढे वाच."

आता त्या खोलीत पांढरा चकचकीत पडदा लागला आहे. मला खाली जिन्याजवळ भिंतीला टेकवून ठेवले आहे. तिथे ओल आहे, आणि मुले माझ्यावर खळीने नोटिसा चिकटवतात. हरवलेली छत्री, भाड्याने खोली, जुनी सायकल विकणे आहे. खळ वाळली की रंगाची खपली घेऊन निघते. कधी जवळून गेलात तर तेवढे कृपा करून टाळा. कोरडे फडके फिरवलेत तर तुमचे भले होईल.

आणि लिहायला बसलात, की माझे एवढे ऐका. ज्या माणसाबद्दल लिहाल, तो समोर बाकावर बसला आहे असे समजून लिहा. त्याला ते मोठ्याने वाचून दाखवता आले पाहिजे. त्याने मध्ये हात वर केला, तर थांबता आले पाहिजे. आणि शब्द त्याच्यासाठी बदलता येत नसेल, तर निदान पानाच्या तळाशी त्याला बसायला जागा द्या.